कृष्णाजलाच्या वाटणीचा मागोवा

महाबळेश्वरी उगम पावून सुमारे 1,400 किलोमीटरांची वाट चालत बंगालच्या उपसागरास मिळणाऱ्या कृष्णेच्या पाण्यावरून इंग्रजी अमदानीत मोठा तंटा माजला नाही, याचे श्रेय तत्कालीन राज्यकर्त्यांच्या शहाणपणापेक्षा नदीच्या सुबत्तेला अधिक द्यावे लागेल. कारण खालच्या अंगास मद्रास इलाख्याने 1855 च्या सुमारास विजयवाड्याचा बांध पुरा करून त्रिभुज प्रदेशात भातशेती उभी केली असली, तरी वरच्या अंगास मुंबई इलाख्याचे पाटबंधारे इतके बेताचे होते की, पावसाळ्यात पाणी अडवण्याऐवजी ते वाहून जाताना पाहणेच सर्वांच्या वाट्यास येत असे.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रांतास धरणांची निकड भासू लागली आणि 1951 च्या जुलैत नियोजन मंडळाने मुंबई, मद्रास, हैदराबाद व म्हैसूर या चार राज्यांची परिषद बोलावून वाटणी ठरवली. परंतु म्हैसूरने ती मान्य केली नाही, आणि पाच वर्षांत राज्यपुनर्रचना होऊन विजापूर, बेळगाव, धारवाड हे जिल्हे म्हैसुरास, मराठवाडा मुंबईस व तेलंगण आंध्रास जोडले गेल्यावर तर दप्तरातील आकडे तसेच राहून वाटेकरीच बदलले. दरम्यान 1955 च्या डिसेंबरात नागार्जुनसागराची कोनशिला बसली होती, कोयनेचे काम चालू होते, आणि पुढे 1964 मध्ये म्हैसूर राज्यातील अलमट्टी धरणाची पायाभरणी झाली. जो आधी बांधील त्याचा हक्क आधी सिद्ध होईल, या समजुतीने तिन्ही राज्ये एकमेकांकडे डोळे लावून बांधकामे करीत होती.

अखेर 10 एप्रिल 1969 रोजी न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. त्याने चारपैकी तीन वर्षे हमखास मिळेल असे 2,060 अब्ज घनफूट पाणी हिशेबास धरले आणि महाराष्ट्रास 560, कर्नाटकास (पूर्वीच्या म्हैसुरास) 700 व आंध्र प्रदेशास 800 असा हिस्सा लावून दिला. कोयनेचे पाणी विजेसाठी पश्चिमेकडे वळवण्यावर वर्षास 67.5 अब्ज घनफुटांची मर्यादा पडली. शिल्लक पाणी वापरण्याची आंध्रास मुभा मिळाली, पण त्यावर हक्क मात्र मिळाला नाही. निवाडा 1976 च्या मे महिन्यात अधिसूचित झाला आणि 31 मे 2000 नंतर त्याचा फेरविचार करता येईल, अशी तरतूद त्यात राहिली.

या निवाड्याची थोरवी मान्य करूनही एक उणीव नोंदवणे भाग आहे. त्याने 1 जून ते 31 मे या जलवर्षाचे पाणी वाटले, परंतु त्या वर्षात कोणत्या महिन्यात कोणी किती पाणी सोडावे, याचा बंदोबस्त केला नाही. तूट आणि शिल्लक दोन्ही सर्वांनी वाटून घ्यावी व त्यासाठी खोऱ्याचे स्वतंत्र प्राधिकरण असावे, अशी दुसरी योजना लवादाने मांडली होती. पण तिला राज्यांची संमती किंवा संसदेचा कायदा लागणार होता, आणि दोहोंपैकी काहीच झाले नाही. त्याच काळात तिन्ही राज्यांनी आपापल्या वाट्यातून पाच-पाच अब्ज घनफूट पाणी मद्रास शहराच्या तहानेसाठी देण्याचे कबूल केले, हे ध्यानात घेता औदार्याची वाण होती असे म्हणता येत नाही. वाण होती ती नित्याच्या कारभाराची.

महाराष्ट्रात मात्र फेरविचाराच्या मुदतीनेच सर्वांचे मन व्यापले. मुदतीपूर्वी न अडवलेले पाणी हातचे जाईल, या धास्तीने 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, कर्जरोखे विकून पैसा उभा राहिला, आणि ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांची कामे एकदमच पुढे रेटली गेली. त्यांतील कित्येक मुदत उलटून गेल्यावरही अपुरीच होती. आकड्याच्या मागे लागलेल्या राज्यास, तो आकडा शेतापर्यंत नेणाऱ्या कालव्यांचे भान उशिरा आले.

वेळेचा प्रश्न खरा उमजायचा तर शिरोळ तालुक्यातील राजापूरचा बंधारा पाहावा. पावसाळा सरल्यावर कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात आणि पुढला पावसाळा येण्यापूर्वी ते काढून घेतात. राजापूर हा महाराष्ट्रातील कृष्णेवरचा शेवटचा बंधारा असल्याने तेथून सुटलेले पाणी थेट कर्नाटकात जाते, आणि उन्हाळ्यात बेळगाव-विजापूरकडील नदीकाठ कोरडा पडला की कोयनेतून पाणी सोडावे अशी विनंती मुंबईस येते. तोच ऑगस्टात ओघ उलटतो. सांगलीच्या आयर्विन पुलावरील फुटांचे आकडे वाचत लोक अलमट्टीच्या विसर्गाची चौकशी करू लागतात. 2005 आणि 2019 च्या महापुरांनंतर अलमट्टीचा फुगवटा हेच संकटाचे मूळ, असे सांगली-कोल्हापुरात सर्रास बोलले गेले. तथापि महाराष्ट्र शासनानेच नेमलेल्या वडनेरे समितीने त्या धरणावर दोष ठेवला नाही.

2004 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार लवादाने 2010 च्या डिसेंबरात निवाडा देताना अलमट्टीची उंची 524.256 मीटरपर्यंत नेण्यास संमती दिली, महाराष्ट्राचा हिस्सा 666 अब्ज घनफुटांवर नेला, आणि खालच्या भातशेतीसाठी कर्नाटकाने जून-जुलैत अलमट्टीतून 8 ते 10 अब्ज घनफूट पाणी सोडावे असेही बजावले. पहिल्या निवाड्यात न आलेला महिन्यांचा विचार असा थोडाबहुत दुसऱ्यात आला, शिवाय अंमलबजावणीसाठी मंडळही सुचवले गेले. परंतु 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निवाड्याच्या अधिसूचनेस मनाई केली, आणि 2014 मध्ये आंध्राचे विभाजन होऊन तेलंगण हा नवा वाटेकरी उभा राहिल्याने वाटणीचे काम पुन्हा लवादापुढेच आले.

आजवरच्या अनुभवाचा निष्कर्ष एवढाच की, हिश्शांचा वाद निकालात निघेपर्यंत थांबण्याची गरज नसलेली कामेच सर्वांत अधिक तातडीची आहेत. पावसाची व धरणसाठ्यांची माहिती महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी तासातासाला एकमेकांस कळवणे, पुराच्या ऐन दिवसांत जलाशय किती रिकामा ठेवायचा हे मे महिन्यातच ठरवणे, उन्हाळ्यातील देवघेवीचा लेखी करार करणे, यांपैकी एकासाठीही कोणाला आपल्या वाट्यातील एक घनफूटही सोडावा लागत नाही. ही कामे ज्या वर्षी तत्परतेने झाली नाहीत, त्या वर्षी त्यांची किंमत काठच्या शेतकऱ्याने मोजली. त्याचे गाव कोणत्या राज्यात आहे, याने तीत फरक पडला नाही.