गोंदणाचा अर्थ आकृतीत शोधताना

टॅटूच्या दुकानात हल्ली आकृतीसोबत तिचा अर्थही मिळतो. वेगविसिर म्हणजे वाट चुकू न देणारे होकायंत्र. एकमेकांत गुंतलेल्या तीन त्रिकोणांचा वाल्कनूट म्हणजे ओडिन देवासाठी रणात पडलेले वीर. आठ फाट्यांचा एगिशयाल्मर म्हणजे अजिंक्यपण. आणि हे सारे हजार वर्षांपूर्वीच्या, उत्तर युरोपातल्या व्हायकिंगांच्या अंगावर होते, म्हणून अस्सल. आपल्याकडच्या गोंदणावर लिहिणारेही पुष्कळदा असाच तक्ता मांडतात: विंचू म्हणजे हे, तुळस म्हणजे ते, पोटरीवरच्या रेघा म्हणजे आणखी काही. वर्धा जिल्ह्यात हे दोन्ही प्रकार एकाच उंबरठ्याच्या आत सापडू शकतात. आर्वी, कारंजा, सेलू, समुद्रपूर या भागांत गोंड वस्ती आहे, काही ठिकाणी कोलामांचीही. तिथल्या, आणि कुणबी-तेल्यांच्या घरांतल्याही, म्हाताऱ्या बायांच्या हाता-कपाळावरचे हिरवट पडलेले गोंदण अजून दिसते. त्याच घरांतल्या नातवाच्या दंडावर उत्तर युरोपातली आकृती असू शकते. दोहोंविषयीचा मूळ गैरसमज एकच आहे. अर्थ आकृतीत भरलेला असतो, तो प्राचीन असतो आणि कधी बदलत नाही, असे आपण धरून चालतो. पुरावा पाहिला तर अर्थ आकृतीत कमी आणि ती कोणी, कोणाला, कुठे, कोणत्या वयात काढली यात जास्त असतो.

आधी उत्तरेकडची चिन्हे पाहू, कारण तिथला लेखी पुरावा तपासणे सोपे आहे. व्हायकिंगांचा काळ साधारण ७९३ ते १०६६ असा धरतात. वेगविसिर त्या काळातल्या कोणत्याही दगडावर, धातूवर किंवा लाकडावर सापडलेला नाही. तो सापडतो आइसलँडमधल्या ‘हुल्ड’ नावाच्या हस्तलिखितात. हे हस्तलिखित गेइर विग्फुसन याने १८६० मध्ये अकुरेरी इथे तयार केले. हे चिन्ह जवळ बाळगणारा वादळवाऱ्यातही वाट चुकणार नाही, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे अर्थ खरा आहे, पण तो ख्रिस्ती आइसलँडमधल्या तोडग्यांच्या वहीतला आहे, समुद्रावर निघालेल्या व्हायकिंग नाखव्याचा नाही. मधे आठशे वर्षे गेली. एगिशयाल्मरची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ते नाव जुने आहे. सुमारे १२७० च्या हस्तलिखितात जपलेल्या एका काव्यात फाफ्निर हा राक्षसी सर्प त्याची फुशारकी मारतो. आकृती म्हणून मात्र ते भेटते १६०० च्या आसपासच्या आणि नंतरच्या जादूटोण्याच्या वह्यांत, आणि त्या वह्यांत ओडिनचे नाव व येशूची प्रार्थना शेजारी शेजारी आहेत. वाल्कनूटचे नेमके उलटे. आकृती खरोखर व्हायकिंग काळातली आहे. ती स्वीडनच्या गोटलांड बेटावरच्या चित्रशिळांवर आहे आणि नॉर्वेतल्या ओसेबर्गच्या ८३४ सालच्या नौकासमाधीतल्या लाकडी सामानावरही आहे. पण तिचे त्या काळचे नाव कुठेच नोंदलेले नाही. ‘वाल्कनूट’ हे आजच्या लोकांनी दिलेले नाव. वीरमरणाचा अर्थ शिळेवरच्या शेजारच्या चित्रांवरून काढलेला तर्क आहे. तो चुकीचाच असेल असे नाही, पण तक्त्यात तो तर्क म्हणून येत नाही.

यावर आक्षेप येतो तो बिनतोड वाटतो: कातडी कुजते, लाकूड कुजते, मग पुरावा नाही म्हणजे चिन्ह नव्हते असे कसे म्हणायचे? आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. व्हायकिंग माणसाची गोंदलेली कातडी एकही टिकलेली नाही. त्यांच्या गोंदणाविषयी जी एक जुनी नोंद नेहमी पुढे केली जाते ती बगदादहून निघालेल्या इब्न फदलान याची. ९२२ मध्ये व्होल्गा नदीकाठी त्याने रुस, म्हणजे पूर्वेकडे आलेले व्हायकिंग, व्यापारी पाहिले आणि त्यांच्या अंगावर पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत गडद हिरव्या रंगात झाडे नि आकृत्या होत्या, असे लिहिले. हे गोंदणच होते की रंगवलेली कातडी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. गोंदण असेल तरी त्या आकृत्यांचा अर्थ त्याने सांगितलेला नाही, आणि त्याने वर्णिलेली झाडे आजच्या तक्त्यातल्या कोणत्याही चिन्हाशी जुळत नाहीत. म्हणजे या नोंदीतून फार तर ‘गोंदत असावेत’ इतके निघते. ‘हेच गोंदत आणि याच अर्थाने’ हे निघत नाही. जिथे पुरावा भक्कम आहे तिथे तो मानायलाच हवा. थोर या देवाचा हातोडा, म्योल्निर, लोक गळ्यात घालत, याला सुमारे हजार पदके साक्षीला आहेत. डेन्मार्कच्या लोलांड बेटावर २०१४ मध्ये सापडलेल्या एका पदकावर तर ‘हा हातोडा आहे’ असे उत्तर युरोपातल्या जुन्या रुन लिपीत कोरलेले आहे. पण डेन्मार्कमध्येच दहाव्या शतकातला दगडी साचाही मिळाला आहे, ज्यात थोरचा हातोडा आणि ख्रिस्ती क्रूस दोन्ही ओतता येत. कारागीर एक, गिऱ्हाइके दोन श्रद्धांची. साचा डोळ्यांसमोर असताना ‘एक आकृती, एक टोळी, एक अर्थ’ हे समीकरण टिकत नाही.

अर्थ मागाहून घातला जातो आणि मग जुना म्हणून खपतो, याचे सर्वांत वाईट उदाहरण रुन लिपीतलेच आहे. त्या लिपीतल्या विजेसारख्या दिसणाऱ्या अक्षराचे जुने नाव सूर्यावरून आलेले. १९०८ मध्ये गुइडो फोन लिस्ट या ऑस्ट्रियन गूढवाद्याने आपली स्वतःची रुनमाला छापली आणि त्या अक्षराला ‘विजय’ हा अर्थ जोडला. १९३३ मध्ये तेच अक्षर, दोनदा शेजारी शेजारी काढलेले, नाझींच्या एसएस दलाचे चिन्ह बनले. आज जर्मनीत ते चिन्ह जाहीरपणे वापरणे गुन्हा आहे. उंबऱ्यावर स्वस्तिक काढणाऱ्या आपल्या समाजाला हे समजावे लागू नये. डेन्मार्कमधल्या स्नोल्डेलेव्हच्या नवव्या शतकातल्या शिळेवरही स्वस्तिक आहे, आपल्या दारावरही आहे, आणि हिटलरच्या झेंड्यावरही होते. रेघा जवळपास त्याच. कोणी काढले आणि कशासाठी, एवढ्यावर सगळा फरक पडला. कातडीवर रुन अक्षरे उतरवून घेणाऱ्याने निदान एवढे पाहून घ्यावे की त्याला दाखवलेली माला दुसऱ्या शतकापासूनची चोवीस अक्षरांची आहे, व्हायकिंग काळातली सोळांची आहे, की १९०८ ची.

आता घरच्या गोंदणाकडे. इथे तक्ते करणारे बहुतेक जण ज्या ग्रंथाचा कळत-नकळत आधार घेतात तो रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा, १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ. वर्धा तेव्हा मध्य प्रांतातच होता. गोंड बायांच्या पायांवर मागच्या बाजूने वरपर्यंत समांतर रेघांचे संच असतात, त्यांना ‘घाट’ म्हणतात, मधेमधे ‘साखळ’ असते, असे त्यात लिहिले आहे. चढणीसाठी पाय बळकट व्हावेत अशी कदाचित कल्पना असेल, असेही पुढे म्हटले आहे. यातले ‘कदाचित’ महत्त्वाचे. तो लेखकांचा अंदाज होता आणि ती नोंद मंडल्याची, म्हणजे वर्ध्यापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरांहून दूरची. शिवाय पूर्ण गोंदण कसे असावे याचे सविस्तर वर्णन त्यांना मिळाले ते मंडल्यातल्या देवीच्या ठाण्यावरच्या एका बैगा पुजाऱ्याकडून. गोंदणारी त्याची बायको होती. सुई तिच्या हातात आणि ग्रंथात आला तो नवऱ्याचा शब्द. एका जागच्या एका पुरुषाने सांगितलेला अर्थ साऱ्या गोंड स्त्रियांचा अर्थ म्हणून वापरायचा आणि तो आर्वी-कारंज्याच्या बाईच्या पोटरीला चिकटवायचा, ही पद्धत वेगविसिर व्हायकिंगांच्या अंगावर चढवण्याहून फार वेगळी नाही.

त्याच ग्रंथात तक्त्यांत न येणाऱ्या दोन गोष्टी आहेत, आणि मला त्याच अधिक मोलाच्या वाटतात. एक, मुलीला गोंदायचे ते शक्यतो लग्नाआधी आणि बापाच्या घरी. लग्नानंतर गोंदले तर खर्च आईबापांनीच करायचा. दुसरी, मंत्रतंत्र करणारे आपल्या देवाची खूण छातीवर किंवा उजव्या खांद्यावर गोंदवत, म्हणजे देव सोबत राहील आणि शत्रूची करणी लागणार नाही. पहिल्या नियमात आकृतीचे नावसुद्धा नाही. तरीही त्या काळच्या स्त्रीसाठी गोंदण म्हणजे काय होते हे त्यातून स्पष्ट कळते: माहेरने दिलेला, सासरच्याला काढून घेता न येणारा दागिना. चांदीचे वाळे गहाण पडतात, विकले जातात, मृत्यूनंतर अंगावरून उतरवले जातात. गोंदण तेवढे देहासोबत जाते, हा समज मध्य भारतात दूरवर आढळतो, तो याच नियमाशी जुळणारा. दुसऱ्या नियमात आकृती आहे, पण तिला बळ येते ते त्या माणसाच्या व्यवसायामुळे आणि खांद्यावरच्या जागेमुळे. तीच खूण शेतात राबणाऱ्या बाईच्या मनगटावर असती तर तिच्याकडून करणी परतवण्याची अपेक्षा कोणी केली नसती.

गोंदण हे आदिवासींचेच, त्यांची गुप्त लिपी, हाही एक लाडका समज. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापले गेले. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपुरातूनच वेगळा निघाला, त्यामुळे हा मुलूख त्यांच्या पाहण्यातला. घरोघर गाणी गात हिंडणाऱ्या ओझा समाजाच्या बायका हिंदू आणि गोंड दोन्ही स्त्रियांचे हात गोंदतात, असे त्यांनी नोंदवले आहे. तीच सुई, तोच हात, दोन समाजांची मनगटे. डॅनिश साच्याची आठवण इथे होतेच. अशा फिरत्या कारागिरणीकडच्या आकृत्या एका जमातीच्या कुलुपात कशा राहतील? एका घरी त्याच ठिपक्यांना तुळस म्हटले जाईल, दुसऱ्या घरी झाड, तिसऱ्या घरी नुसते ‘चांगले दिसते’ म्हणून घेतले जाईल, यात नवल नाही. प्राणी आणि घरात वापरायच्या साध्या वस्तू ठिपक्या-रेघांनी गोंदतात, असेही रसेल-हिरालाल सांगतात. प्रत्येक वस्तूमागे गूढ शोधण्याचा हट्ट कोणी केला असेल तर तो पाहणाऱ्यांनी.

इथे कोणी म्हणेल की बाया स्वतःच अर्थ सांगतात, मग त्यांच्यावर विश्वास नाही का? त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवावा, म्हणूनच तक्त्यावर ठेवू नये. दोन बाया एकाच आकृतीचे दोन अर्थ सांगतात तेव्हा तक्ता करणारा एक निवडतो आणि दुसरा गाळतो. खरी नोंद दोन्हींची व्हायला हवी. आणि ‘अर्थ ठरलेला नाही तर सगळे पोकळ झाले’ असेही नाही. माहेर, वय, खर्च, गोंदणारीण, अंगावरची जागा हे सगळे बरेचसे ठरलेले होते. सैल होता तो फक्त आकृतीचा शब्दार्थ.

हा फरक सरकारी नियमालाही कळतो, हे वर्ध्यातल्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी ध्यानात घ्यावे. सैन्यभरतीत कायमचे गोंदण चालते ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि हाताच्या पंजाच्या मागच्या भागावर. दंडावरचा वेगविसिर कितीही ‘प्राचीन’ असला तरी उमेदवार अडचणीत येतो. आदिवासी उमेदवाराच्या चेहऱ्यावर किंवा अंगावर त्याच्या जमातीच्या रूढीप्रमाणे गोंदण असेल, तर त्याचा वेगळा विचार होतो. नियम आकृती किती प्राचीन ते विचारत नाही. जागा विचारतो, आणि कोणाची रूढी आहे ते विचारतो.

ज्याला उत्तरेकडचे चिन्ह मनापासून आवडते त्याने ते जरूर घ्यावे. १८६० च्या आइसलँडी वहीतले, वाट न चुकण्याचे चिन्ह म्हणून घेतले तरी ते सुंदरच आहे, त्याला व्हायकिंगांचा शिक्का लागत नाही. निकड आहे ती दुसऱ्या बाजूला. हाती सुई घेऊन दारी येणारी गोंदणारीण आता क्वचित दिसते, आणि जिच्या हातावर जुने गोंदण आहे ती बाई सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. तिचा फोटो काढून खाली ‘पारंपरिक चिन्ह’ असे लिहिणे पुरेसे नाही. गाव कोणते, वय किती होते, माहेरी गोंदले की सासरी, गोंदणारी कोण होती, पैसे की धान्य काय दिले, रंग कशाचा केला, कोणती आकृती तिने स्वतः मागितली आणि कोणती आईने ठरवली, हे सगळे तिच्याच शब्दांत आणि तिच्या नावासह तिच्या घरच्यांकडे लिहून असायला हवे.