मूठभर वाळूचा भरवसा

कोल्हापूरच्या फौंड्रीवर लिहायचं म्हटलं की फोटो ठरलेला: लॅडलमधून ओतलं जाणारं लालभडक लोखंड. संपादकांनाही तोच हवा होता. शिरोलीच्या एमआयडीसीत मात्र माझी नजर अडकली ती वाळूवर.

उसाचे चरक आणि शेतीची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता इथले मिस्त्री सुटे भाग स्वतःच ओतू लागले. शिवाजी उद्यमनगरातलं हे काम पुढे शिरोली, गोकुळ शिरगावला पसरलं आणि ट्रक-ट्रॅक्टरच्या कंपन्यांपर्यंत कास्टिंग जाऊ लागलं.

हे कास्टिंग ज्या साच्यात ओततात, त्याच्या मिश्रणात सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी असतं. पाणी जेमतेम 3-4 टक्के, पण सगळी गोम त्यातच. जास्त झालं, तर 1400 अंशांच्या आसपासचं लोखंड पडताच वाफ कोंडते आणि कास्टिंगच्या पोटात भोकं पडतात. कमी झालं, तर साच्याची कड ढासळते. पोटातला दोष कित्येकदा मशीनशॉपमध्ये हत्यार लागल्यावरच उघडा पडतो. तोवर त्याच वाळूतले ढीगभर नग पडलेले असतात.

वाळू पुन्हा पुन्हा वापरतात. ओतकामातून ती तापून परतते आणि तिच्यातलं पाणी वाहक पट्ट्यावरच उडू लागतं. म्हणून सकाळचं प्रमाण दुपारी चालत नाही. मिक्सरपाशी उभा असलेला जुना कामगार मूठ दाबून गोळा करतो, बोटांचे ठसे नीट उमटलेत का बघतो, मग गोळा मधोमध मोडतो. कडा टोकदार राहिल्या तर ठीक. वाळू तळव्याला चिकटली तर पाणी तोडायचं. प्रयोगशाळा नेमका आकडा देते, पण तासाला शंभरावर साचे पाडणारं यंत्र त्या आकड्यासाठी थांबत नाही.

अडचणी मात्र मुठीत मावणाऱ्या नाहीत. इंडक्शन भट्टीत टनभर लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते; वीजदरावरून कर्नाटकात जाण्याची भाषा इथल्या उद्योजकांनी केलेली आहे. विजेवरच्या गाडीला इंजिनच नसल्यानं सिलिंडर ब्लॉक आणि हेडची मागणी घटणार. ट्रॅक्टर, पंप, ब्रेकचे भाग राहतील, पण ते सगळ्यांना पुरतील का?

मला त्याहून मोठी काळजी धुळीची वाटते. वाळूची पारख मिक्सरपाशी वर्षानुवर्षं उभं राहूनच येते, आणि सिलिकाची बारीक धूळ तिथेच फुप्फुसात जाते. धूळ ओढणारी यंत्रणा आणि मास्क यांत काटकसर करणाऱ्या मालकानं ‘नवी पोरं टिकत नाहीत’ अशी तक्रार करू नये.