अचानक भोवळ आली? पडण्याआधी काय घडले ते आठवा

रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या काळात वणीजवळच्या सप्तशृंगगडावर मोठी यात्रा भरते. धुळे, जळगावकडचे भाविक भर उन्हात पायी येतात. कोणाचा उपवास असतो, कोणी सकाळची गोळी घेऊन रिकाम्या पोटी रांगेत उभे असते. अशा वेळी कोणाला भोवळ आली की 'अशक्तपणा आहे' किंवा 'ऊन लागले' असे म्हणून विषय संपवला जातो. बहुतेक वेळा कारण साधेच असते, पण प्रत्येक वेळी नाही. फरक ओळखायला पडण्याआधीची दोन मिनिटे फार उपयोगी पडतात.

रांगेत उभे असताना भोवळ आली
बराच वेळ उभे राहिल्यावर रक्त पायांत साचते. उकाडा, गर्दी, भीती किंवा वेदना यांमुळे नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. आधी मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवे होताच मिनिटभरात शुद्ध येते. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि सहसा निर्धोक असतो.

उठताना अंधारी आली
शरीरात पाणी कमी असेल, किंवा रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या अथवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील, तर उभे राहताच रक्तदाब घसरू शकतो. डॉक्टर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाब मोजतात. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर कारण सापडते. काळी शौच होत असेल तर पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते.

उपाशीपोटी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले
हात थरथरणे, घाम, भूक, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. साखर ७० च्या खाली गेली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. साखर उपवासालाही चालते, म्हणून संकोच नको. उपवास धरण्याआधी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

कुशीवर वळताच खोली फिरली
शुद्ध हरपत नाही, पण सगळे गरगरते आणि मिनिटभरात थांबते. हा बहुधा आतल्या कानाचा दोष असतो आणि डोक्याच्या ठराविक हालचाली करवून घेऊन बरा होतो.

पायऱ्या चढताना कोसळले
हे मात्र हलक्यात घेऊ नका. श्रम करताना, बसलेले किंवा झोपलेले असताना, काहीही पूर्वसूचना न देता शुद्ध जाणे हे हृदयाची लय बिघडल्याचे किंवा झडप अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. आधी छातीत धडधड किंवा दुखणे, घरात कमी वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांमुळे शंका वाढते. 'आता बरे वाटते' म्हणून थेट घरी जाऊ नका. त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. कारण कळेपर्यंत गाडी चालवू नका आणि गडाच्या पायऱ्या चढू नका. वर २०१८ पासून ट्रॉलीची सोय आहे.

कोणी पडले तर काय कराल?
श्वास चालू असेल तर सपाट झोपवा, पाय उंच करा, गर्दी हटवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. श्वास चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करायला सांगा. दोन-तीन मिनिटांत शुद्ध आली नाही, अंग तापलेले असून माणूस बरळत असेल, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, झटके आले, डोक्याला मार लागला, किंवा भोवळ आलेली स्त्री गरोदर असेल, तरीही १०८ बोलवा.

दवाखान्यात जाताना ज्याने पडताना पाहिले त्याला सोबत न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला. किती वेळ शुद्ध नव्हती, चेहरा पांढरा पडला होता का, अंग ताठ झाले होते का, हे रुग्णाला सांगता येत नाही. ते पाहणाऱ्यालाच माहीत असते, आणि निदानाचा अर्धा भाग त्याच्या सांगण्यातूनच मिळतो.