ज्ञानाची कीर्द-खतावणी

जुन्या पेढ्यांवरील मुनीमजींची एक शिस्त असे. कीर्दीत चुकीची रक्कम पडली, तर ती खरवडून काढायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ, वर खरा आकडा आणि शेजारी सही. रेघेखालचा जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. पावतीवाचून नोंद करायची नाही, हा दुसरा नियम. खाडाखोडीच्या वहीवर बाजारात कोणी विश्वास ठेवीत नाही, हे व्यापारी घरातील मुलाला कोणी वेगळे शिकवावे लागत नसे.

त्याच घरातील मूल आज शाळेचा प्रकल्प करते, तेव्हा मात्र चित्र बदलते. मोबाईलवर विषयाचे नाव टाकायचे, समोर येईल तो मजकूर उचलायचा, दुकानातून छापून आणायचा, रंगीत मुखपृष्ठ लावायचे आणि शेवटच्या पानावर ‘संदर्भ : इंटरनेट’ असे लिहून मोकळे व्हायचे. पेढीवर ‘माल बाजारातून आला’ एवढीच नोंद कोणी मान्य करील काय? मग मुलाच्या वहीत ती का चालावी?

या प्रश्नाचे एक चांगले उत्तर ‘विकी’ या साधनाकडे आहे. गंमत अशी, की नक्कल करण्यासाठी मुले ज्या संकेतस्थळाकडे सर्वांत आधी धाव घेतात, तेच संकेतस्थळ विकीवर चालते.

विकी म्हणजे काय?

अमेरिकन संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ बसवरून त्यांना हे नाव सुचले. विकीच्या पानाचे वैशिष्ट्य एवढेच, की वाचणाऱ्याला ते तिथल्या तिथे दुरुस्त करता येते. याच तत्त्वावर १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश जन्माला आला आणि १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. आज त्याची लेखसंख्या लाखाच्या घरात आहे.

कोणीही लिहू शकतो, तर खरे-खोटे कोण पाहणार, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मुनीमजींच्या शिस्तीत सापडते. विकीच्या प्रत्येक पानामागे एक ‘इतिहास’ असतो. कोणत्या सदस्याने, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द घातला वा काढला, हे सारे तेथे नोंदलेले राहते. चुकीची नोंद दुरुस्त होते, पण सहसा पुसली जात नाही. प्रत्येक पानाला जोडून ‘चर्चा’पान असते. तेथे मतभेद असणाऱ्यांनी कारणांसह बोलायचे असते. आणि प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला पुस्तक, वृत्तपत्र वा शासकीय अहवाल अशा छापील वा प्रकाशित आधाराची जोड लागते. हीच ज्ञानाची पावती.

पुण्यातील धडा

हे साधन वर्गात आणण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. २०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांसारख्या संस्थांमध्ये प्रायोगिक शिक्षण कार्यक्रम हाती घेतला. शेकडो विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावेत, अशी योजना होती.

काही विद्यार्थ्यांनी मनापासून काम केले. तथापि, पुस्तके आणि संकेतस्थळे यांतून जसाच्या तसा उचललेला मजकूर इतक्या प्रमाणात येऊ लागला, की जगभरातील स्वयंसेवक संपादकांना तो शोधून काढून टाकण्यातच पुष्कळ वेळ घालवावा लागला. त्या वर्षाच्या अखेरीस प्रयोग थांबविण्यात आला.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा होता, असे म्हणणे न्यायाचे नाही. संख्या मोठी होती आणि मार्गदर्शक थोडे, तेही बहुतांशी नवखे. अनेक अध्यापकांना विकीवर लिहिण्याचा स्वतःचा अनुभव नव्हता. आणि ‘दुसऱ्याचे वाक्य विचारल्याशिवाय घेणे ही उचलेगिरी आहे’ हे लहानपणापासून ज्यांना कोणी सांगितले नाही, त्यांनी महाविद्यालयात ते एका सत्रात शिकावे, ही अपेक्षाच घाईची होती.

याच्या उलट उदाहरण कॅनडातील आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक जॉन बीस्ली-मरे यांनी २००८ साली लॅटिन अमेरिकन साहित्याच्या एका वर्गाला विकिपीडियावर लेख लिहिण्याचे काम दिले. वर्ग लहान होता. थोड्या विद्यार्थ्यांचा एक गट आणि त्या गटाला एकच विषय, अशी वाटणी होती. अनुभवी संपादक सोबतीला होते आणि तोच लेख पुन्हा पुन्हा सुधारणे हाच अभ्यास होता. सत्राअखेर त्यांतील तीन लेखांना विकिपीडियाचा सर्वोच्च ‘निवडक लेख’ हा दर्जा मिळाला. साधन तेच होते. एका ठिकाणी प्रमाण आणि देखरेख सांभाळली गेली, दुसऱ्या ठिकाणी नाही. भांडवलापेक्षा मोठा पसारा मांडला की काय होते, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

वर्ध्याची जुनी शिकवण

वर्धा जिल्ह्याला ही दृष्टी परकी वाटू नये. पुलगावापासून सुमारे तीस किलोमीटरवर, वर्धा शहरात, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. जमनालाल बजाज यांच्यासारख्या व्यापारी घराण्यातील पुरुषाच्या आश्रयाने वाढलेली मारवाडी शिक्षण संस्था तिची यजमान होती. त्या परिषदेतून आणि डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून ‘नई तालीम’ उभी राहिली. मुलाने उपयोगी काहीतरी घडवावे आणि ते घडविताना शिकावे, हे तिचे सूत्र होते.

सूत कातणारे मूल जे वस्त्र निर्माण करी, ते कोणाच्या तरी अंगावर जाई, म्हणून धागा कच्चा राहून चालत नसे. गुणांसाठी लिहिलेला प्रकल्प मात्र शिक्षकांच्या कपाटात जातो आणि वर्षाअखेर रद्दीत निघतो. विकीवरील परिच्छेद कोणीतरी वाचणार असतो. आपले लिहिणे कोणाच्या तरी उपयोगी पडणार आहे, ही जाणीव मुलाच्या हाताला जी काळजी शिकविते, ती गुणपत्रिकेला शिकविता येत नाही.

पुलगावच्या वर्गात

पुलगावच्या एखाद्या शाळेने आठवी-नववीच्या एका वर्गापुरता हा प्रयोग करावयाचा ठरविल्यास त्याला फार खर्च येणार नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो, ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. अनेक शिक्षणसंस्था वापरतात त्या मूडल प्रणालीतही विकीची सोय आहे. प्रथम केवळ वर्गातील मुलांनाच उघडता येईल अशी बंदिस्त विकी असावी. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ असे सुरेख नाव आहे. पणजोबांनी ज्या धूळपाटीवर बोटाने आकडे गिरविले, तिचाच हा नवा अवतार.

विषय दूर शोधण्याची गरज नाही. वर्धा नदी, कापसाचा बाजार, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातील कापड गिरणी, एकेकाळी आर्वीकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी, लष्कराचे दारूगोळा भांडार. समजा, गिरणी सुरू झाल्याचे एक वर्ष आजोबांनी सांगितले आणि जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये दुसरे निघाले. आता काय लिहावे? मुले चर्चापानावर दोन्ही आधार मांडतील, ग्रंथालयात जातील, कोणाच्या घरी जुने कागद आहेत का, हे विचारतील. इतिहास कसा लिहिला जातो, हे त्या एका आठवड्यात जितके कळेल, तितके धड्याखालील प्रश्नोत्तरांनी कळणार नाही.

दुसरे उदाहरण वेदनेचे आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे केंद्रीय दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत आग विझविणाऱ्या जवानांसह अनेकांना प्राण गमवावे लागले. पहिल्या दिवशीच्या बातम्यांतील मृतांचे आकडे परस्परांशी जुळत नव्हते आणि पुढे ते बदलत गेले. ज्या गावाने ती पहाट अनुभवली, तेथील मुलांनी त्या बातम्या तारखेनुसार लावून पाहाव्यात. घाईने फिरणारी माहिती आणि पडताळलेली माहिती यांतील अंतर त्यांना आपोआप दिसेल.

येथे एक भेद शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. आजोबांची आठवण वर्गाच्या विकीवर सन्मानाने ठेवता येते. विकिपीडियावर मात्र प्रकाशित आधार नसलेली गोष्ट स्वीकारली जात नाही. म्हणून आठवणी वर्गाच्या पानावर राहाव्यात आणि त्यांतील जेवढे छापील आधाराने सिद्ध होईल, तेवढेच शिक्षकांनी वाचून मगच मराठी विकिपीडियावर जावे. मुलांनी स्वतःचे पूर्ण नाव, पत्ता वा छायाचित्र कोठेही देऊ नये, टोपणनाव पुरते. आणि गुण किती ओळी लिहिल्या यावर नव्हे, तर किती आधार तपासले आणि दुसऱ्याची चूक किती सौजन्याने दाखविली, यावर द्यावेत.

घराचा वाटा

विदर्भाला ज्ञानकोशाची परंपराही आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कार्य १९१६ साली नागपुरातच आरंभिले. त्यासाठी त्यांनी चक्क भागभांडवलाची कंपनी काढली आणि भाग विकत गावोगाव हिंडले. सुमारे बारा वर्षांच्या परिश्रमांनी २३ खंडांचे ते काम त्यांनी तडीस नेले. त्या काळी भाग घेणाऱ्याने रुपये गुंतविले होते. आज ज्ञानकोशाचा भागधारक होण्यास रुपये लागत नाहीत, थोडा वेळ लागतो.

तो वेळ व्यापारी घराला देता येण्याजोगा आहे. दिवाळीत वह्या बदलतात, तेव्हा माळ्यावरचे गाठोडे खाली येते. त्यांतील जुनी हुंडी, रेल्वेची बिल्टी, कापसाच्या गाठींचा हिशेब मुलाला एकदा उलगडून दाखवावा. मोडी वाचणारे कोणी घरात असतील, तर त्यांच्याजवळ मुलाला बसवावे. आणि मुलाने प्रकल्पाची वही पुढे केली, की गुण किती मिळाले, हे विचारण्याआधी पेढीवरचा जुना प्रश्न विचारावा : ‘बेटा, याची पावती कुठे आहे?’