आगमनकाळातले सत्तांतर : मुंबईने पाहिलेले आठ आठवडे

चर्चच्या दिनदर्शिकेत नवे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. २०२४ साली हा रविवार १ डिसेंबरला आला. त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी ३० नोव्हेंबरला, रोमहून घोषणा झाली : पुण्याचे बिशप जॉन रॉड्रिग्ज यांची मुंबई महाधर्मप्रांताचे कोअ‍ॅडज्युटर आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली आहे. कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस २००६ पासून मुंबईचे आर्चबिशप होते आणि नाताळच्या आदल्या दिवशी, २४ डिसेंबरला, ते ८० वर्षांचे होणार होते. म्हणजे मुंबईच्या भाविकांनी त्या वर्षी एकाच वेळी दोन गोष्टींची वाट पाहिली : येशूजन्माची आणि नव्या मेंढपाळाची.

योगायोग तारखांचा असला, तरी त्यातून समजून घेण्यासारखे बरेच आहे.

कॅथलिक चर्चच्या नियमानुसार ७५ वर्षे पूर्ण झाली की बिशप पोप महोदयांकडे राजीनामा देतात. तो लगेच स्वीकारायचा, की त्यांना आणखी काही वर्षे ठेवायचे, हे पोप ठरवतात. कार्डिनल ग्रेशस यांनी २०१९ मध्येच पंचाहत्तरी गाठली होती; त्यानंतरही पाच वर्षे ते पदावर राहिले. कोअ‍ॅडज्युटर हे पद अशा वेळी फार उपयोगी पडते. साध्या सहायक बिशपला पुढच्या गादीचा हक्क नसतो, कोअ‍ॅडज्युटरला तो असतो. आधीच्या बिशपचा राजीनामा मंजूर झाला की कोअ‍ॅडज्युटर त्याच क्षणी धर्मप्रांताचा प्रमुख होतो. मधली पोकळी राहत नाही.

मुंबईत हा क्षण २५ जानेवारी २०२५ रोजी आला. घोषणेपासून बरोबर आठ आठवडे. या काळात जाणारा आणि येणारा, दोघेही लोकांसमोर होते. बदल उघडपणे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होत होता.

ज्या धर्मप्रांतात असा वारसदार आधी नेमलेला नसतो, तिथे बिशपची जागा रिकामी झाल्यावर सल्लागार धर्मगुरूंचे मंडळ आठ दिवसांच्या आत प्रशासकाची निवड करते. रोमने स्वतःहून कोणाला नेमले असेल तर गोष्ट वेगळी. नवा बिशप येईपर्यंत प्रशासकाने मोठे फेरबदल करायचे नाहीत, असा स्पष्ट दंडक आहे. हा बदल भाविकांच्या कानांपर्यंतही पोहोचतो. प्रत्येक मिस्सामध्ये पोप आणि स्थानिक बिशप यांची नावे घेऊन प्रार्थना होते. जागा रिकामी असेल तर बिशपचे नाव गळते. वर्षानुवर्षे रोज ऐकलेले नाव एका सकाळी ऐकू येत नाही, तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या आजीलाही बदल जाणवतो.

अशा वेळी मंडळीची आशा कशावर उभी राहते? आगमनकाळाची वाचने या प्रश्नाला थेट भिडतात.

कॅथलिक चर्चमध्ये रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आहे. २०२४च्या डिसेंबरपासून लूकच्या शुभवर्तमानाचे वर्ष सुरू झाले. त्यात दुसऱ्या रविवारसाठी नेमलेला उतारा सत्ताधाऱ्यांच्या नावांनी सुरू होतो : तिबिर्य कैसर, पंतय पिलात, हेरोद, त्याचा भाऊ फिलिप, लुसनिय, मग मुख्य याजक हन्ना आणि कयफा. सात माणसे, सात खुर्च्या. आणि देवाचे वचन येते ते यांच्यापैकी कोणाकडेही नाही, तर रानात राहणाऱ्या योहानाकडे. लूकने त्या काळच्या सगळ्या अधिकाऱ्यांची नोंद घेतली, कोणाचेही पद नाकारले नाही. पण आशेचा उगम मात्र त्यांच्या दालनांबाहेर दाखवला.

तिसऱ्या रविवारी हाच योहान नदीकाठच्या गर्दीला उत्तरे देतो. लोक विचारतात, आम्ही काय करावे? जकातदार विचारतात, शिपाई विचारतात. योहानाची उत्तरे अगदी व्यवहारातली आहेत : जास्तीचा अंगरखा असेल तर नसलेल्याला द्या, ठरल्यापेक्षा जास्त कर उकळू नका, कोणाला धाक दाखवून लुबाडू नका. आणि लोक त्यालाच ख्रिस्त समजू लागतात, तेव्हा तो त्यांची नजर आपल्यावरून काढून मागून येणाऱ्याकडे वळवतो. चर्चमधल्या नेतृत्वाचा याहून नेमका आदर्श सापडणे कठीण. पुढारी थोर असला तरी मंडळीचे गंतव्य तो नव्हे. त्याने दिशा दाखवायची आणि वेळ आली की बाजूला व्हायचे.

मुंबईच्या इतिहासात असे बाजूला होणे प्रत्यक्ष घडले आहे. १९२८ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात झालेल्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असत. त्या क्रमाने १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट आर्चबिशप झाले. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना इथल्या चर्चचे नेतृत्व भारतीयाकडे जावे, हे त्यांनी ओळखले. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस त्यांचे सहायक बिशप झाले आणि त्यांच्या हाती कारभार सोपवून रॉबर्ट्स मुंबईतून निघून गेले. पद त्यांच्याकडेच होते, पण त्यांनी खुर्ची मोकळी ठेवली. डिसेंबर १९५० मध्ये, आगमनकाळातच, व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनलही झाले. त्यांच्या अखेरच्या काळात, १९७७ मध्ये, मरोळचे भूमिपुत्र सायमन पिमेंटा यांना कोअ‍ॅडज्युटर नेमले गेले आणि १९७८ मध्ये त्यांच्या निधनानंतर पिमेंटा यांनी सूत्रे हाती घेतली. २०२४ची पद्धत मुंबईला नवी नव्हती.

प्रत्येक बदल इतका सुरळीत होत नाही. त्याच वर्षी, १२ नोव्हेंबरला, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. मुलांवरील अत्याचारांच्या एका जुन्या प्रकरणात चर्चने योग्य कारवाई केली नाही, असे चौकशी अहवालात नोंदवले गेले होते. इंग्लंडच्या चर्चने तो आगमनकाळ दुःखात आणि संतापात घालवला. सारा मलाली यांचे नाव ३ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहीर झाले. कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी निवड झालेल्या त्या पहिल्या महिला. आगमनकाळाचा जांभळा रंग पश्चात्तापाचाही आहे, हे इथे विसरून चालत नाही. पीडितांना न्याय मिळाल्याशिवाय, नवे नाव जाहीर झाले एवढ्यावर मंडळीने समाधान मानू नये. योहानाने गर्दीला आशा दिली ती हिशेब मागूनच.

मुंबईच्या आनंदालाही दुसरी बाजू होती. जॉन रॉड्रिग्ज मूळचे मुंबईचेच, पूर्वी तिथले सहायक बिशप. मार्च २०२३ मध्ये त्यांची पुण्याला नेमणूक झाली होती. वसईचे थॉमस डाबरे यांच्यानंतर पुण्याला मिळालेला बिशप दोन वर्षांच्या आतच मुंबईला परतला. एका धर्मप्रांताची प्रतीक्षा संपली, तेव्हा दुसऱ्याची सुरू झाली. म्हणूनच नेतृत्वबदलाच्या काळातली प्रार्थना फक्त आपल्या धर्मग्रामापुरती ठेवू नये. शेजारचा धर्मप्रांतही त्याच वेळी वाट पाहत असतो.

आपल्या चर्चमध्ये फादरांची बदली झाली असेल, पाळक निवृत्त होत असतील किंवा बिशप बदलणार असतील, तर वाचकांनी या आगमनकाळात काही साध्या गोष्टी कराव्यात. जाणाऱ्याचे आभार जाहीरपणे मानावेत. गावातली आजारी माणसे, एकटे वृद्ध, शिक्षण अर्धवट सुटलेली मुले यांची माहिती लिहून ठेवावी आणि येणाऱ्याच्या हाती द्यावी. येणाऱ्याची तुलना आधीच्याशी निदान पहिले वर्षभर तरी करू नये. आणि नवा माणूस आला की बघू, असे म्हणून कोणतेही सेवाकार्य थांबवू नये. गरजू माणूस नेमणुकीची वाट पाहू शकत नाही.

(पुढील लेखांकात : आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती)