गोड न कळणाऱ्या प्राण्याचा मधुमेह

मांजरापुढे एक बशी साध्या पाण्याची आणि दुसरी साखरेच्या पाण्याची ठेवली, तर त्याला दोन्ही सारखीच. मुंगीला, अस्वलाला, कुत्र्याला आणि आपल्याला जी गोडी लगेच कळते ती मांजराच्या जिभेला कळतच नाही. याचे कारण २००५ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेतील शास्त्रज्ञांनी शोधून काढले. गोड चव ओळखणारा जिभेवरील ग्राहक दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो. त्यांपैकी एका प्रथिनाच्या जनुकातील २४७ अक्षरांचा तुकडा मांजरात गळालेला आहे. त्यामुळे ते प्रथिन तयारच होत नाही. वाघ आणि चित्ता यांच्यातही हाच तुकडा गळालेला आढळला. सारे मार्जारकुळच गोडीला पारखे आहे म्हणायचे!

असे असूनही मांजराला मधुमेह होतो, आणि तो काही फार दुर्मीळ नाही. विशेषतः वयस्क, लठ्ठ, घरात बसून असणाऱ्या आणि त्यातही खच्ची केलेल्या बोक्यांमध्ये तो अधिक आढळतो.

हे कोडे उलगडण्यासाठी आधी मांजराचे जेवण पाहू. रानावनात स्वतः शिकार करून जगणाऱ्या मांजरांच्या आहाराचा अभ्यास झाला आहे. त्यांना मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ५२ टक्के प्रथिनांतून, ४६ टक्के स्निग्ध पदार्थांतून आणि अवघे २ टक्के कर्बोदकांतून येतात. उंदीर म्हणजे शेवटी मांस, चरबी आणि हाडे! अशा आहारावर लाखो वर्षे पोसलेल्या या प्राण्याच्या लाळेत पिष्टाचे पचन करणारे अमायलेज हे विकर नाही. जेवणानंतर रक्तात एकदम येणारी साखर झपाट्याने उचलणारे जे विकर आपल्या यकृतात असते, त्याचे कार्यही मांजराच्या यकृतात अत्यल्प असते. त्याचे यकृत साखर घेण्यापेक्षा करण्यात पटाईत आहे. प्रथिनांतील ॲमिनो आम्लांपासून ते रात्रंदिवस ग्लुकोज बनवीत असते.

आता आपल्या घरातील मनी काय खाते ते पाहा. दूध-पोळी किंवा दूध-भात! गाईच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे ६५ उष्मांक असतात आणि सुमारे ४.७ ग्रॅम दुग्धशर्करा असते. एक ग्रॅम शर्करेचे ४ उष्मांक धरले, तर त्या ६५ पैकी १९ उष्मांक शर्करेचे, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. त्यात पोळी कुस्करली की हा आकडा आणखी वर जातो. बाजारात मिळणाऱ्या कोरड्या दाणेदार खाद्याची गोष्टही वेगळी नाही. ते दाणे यंत्रातून फुलून बाहेर पडावेत आणि त्यांचा आकार टिकावा म्हणून त्यात पिष्ट घालावेच लागते.

मात्र पिष्ट खाल्ले की मधुमेह झाला, असे सरळ समीकरण मांडता येणार नाही. तसे असते तर खेड्यापाड्यांतील निम्मी मांजरे मधुमेही असती. दिवसभर उंदरांमागे धावणारे सडपातळ मांजर दूध-भात पचवून टाकते. लठ्ठपणा आला की शरीराच्या पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन स्रवावे लागते आणि कालांतराने ते थकते. माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी हे चित्र तंतोतंत जुळते. हे साम्य वरवरचे नाही. स्वादुपिंडातील ज्या पेशी इन्शुलिन स्रवतात, त्याच अमायलिन नावाचे दुसरे एक संप्रेरकही स्रवतात. माणूस आणि मांजर या दोघांतही त्याचे तंतू होऊन पेशींभोवती साचतात. १९८७ साली स्वीडनमधील वेस्टरमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंतू तपासले, तेव्हा त्यांच्यापुढे मधुमेही मांजराचे स्वादुपिंड होते. उंदराच्या अमायलिनची घडण थोडी निराळी असल्याने त्याचे तंतू होत नाहीत.

रोग ओळखू कसा येतो? मांजर एरवी पाणी फार कमी पिते. ते वारंवार पाण्याच्या भांड्याशी जाऊ लागले, लघवी वाढली, आणि भरपूर खाऊनही वजन घटू लागले, की शंका घ्यावी. कधी एक चमत्कारिक लक्षण दिसते. मांजर नेहमी बोटांवर चालते, पण मधुमेहाने मज्जातंतू दुबळे झाले की मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागते. माणसाच्या रक्तातील साखर १०० मिलिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते. मांजराच्या बाबतीत ही मर्यादा २७० च्या आसपास आहे. म्हणून केवळ लघवीची तपासणी उशिरा इशारा देते. रक्तच तपासायला हवे.

आणि येथेच खरी अडचण उभी राहते. पिशवीत कोंबून, रिक्षातून, भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या रांगेतून पशुवैद्याच्या टेबलावर आलेले मांजर भयाने थरथरत असते. भीतीने ॲड्रिनॅलिन स्रवते आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते. निरोगी मांजराचीही साखर अशा वेळी २०० च्या, क्वचित ३०० च्या वर जाते. हा आकडा रोगाचा की भीतीचा? तो रोगाचाच मानून इन्शुलिन वाढवले, तर घरी शांत झालेल्या मांजराची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हिशेब करून पाहा. चार किलोच्या मांजराच्या शरीरात सुमारे २४० मिलिलिटर रक्त असते. १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणाने त्या साऱ्या रक्तात मिळून साखर भरते अवघी पाव ग्रॅम! एवढ्या छोट्या गंगाजळीत थोडीशी चूकही महाग पडते.

म्हणून रक्त घरीच तपासायचे. १९७० च्या सुमारास निघालेले रक्तशर्करामापक यंत्र किलोभराहून अधिक वजनाचे होते आणि त्याला रक्ताचा टपोरा थेंब लागे. आजचे यंत्र खिशात मावते आणि त्याच्या पट्टीला एक मायक्रोलिटरहूनही कमी रक्त पुरते. पट्टीवरील विकर ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते, त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह यंत्र मोजते आणि आकडा दाखवते. मांजराच्या कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. कान कोमट कापडाने शेकून तेथे सुईने हलकेच टोचले की थेंब उमटतो. नंतर आवडता मांसाचा तुकडा दिला, की बरीच मांजरे चार-आठ दिवसांत याला सरावतात. सुई पाहून ओरडणाऱ्या माणसांपेक्षा ती शहाणी म्हणायची.

पण माणसाचे यंत्र मांजराला चालते का? चालते, मात्र ते आकडा कमी दाखवते. माणसाच्या रक्तातील ग्लुकोज सुमारे ५८ टक्के रक्तद्रवात आणि ४२ टक्के तांबड्या पेशींत वाटलेले असते. मांजरात ९३ टक्के रक्तद्रवात आणि फक्त ७ टक्के पेशींत असते. माणसाचे प्रमाण गृहीत धरणारे यंत्र त्यामुळे फसते. पशूंसाठी मुद्दाम बनवलेली यंत्रे मिळतात, आणि त्यांत मांजराचा संकेतांक निवडावा लागतो. कोणतेही यंत्र वापरले तरी ते मधेच बदलू नये आणि कोणते वापरले हे पशुवैद्याला सांगावे.

इन्शुलिन बहुधा दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने टोचतात. अधूनमधून एखाद्या दिवशी दर दोन तासांनी साखर मोजून आलेख काढला, की ती किती खाली आणि केव्हा उतरते ते कळते. मात्रा ठरवताना या नीचतम बिंदूला मोठे महत्त्व आहे. टोचण्यापूर्वीचा आकडाच कमी आला तर टोचू नये, पशुवैद्याला विचारावे. सिरिंजकडेही लक्ष हवे. आपल्याकडे मिलिलिटरला ४० एकके आणि १०० एकके अशी दोन्ही प्रकारची इन्शुलिने मिळतात. १०० च्या बाटलीतील औषध ४० च्या सिरिंजने 'एक' या रेघेपर्यंत ओढले, तर प्रत्यक्षात अडीच एकके जातात. मांजराची सुरुवातीची मात्रा एक-दोन एककांचीच असते, हे ध्यानात घ्या. मांजर झोकांड्या खाऊ लागले किंवा निपचित पडले, तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळावा आणि त्वरित पशुवैद्य गाठावा.

आहार बदलण्यातही घाई नको. पिष्ट कमी केले की साखर आपोआप उतरते. मग इन्शुलिनची जुनी मात्रा जास्त ठरते. म्हणून बदल सावकाश, रोज मोजत आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने करावा. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवणे तर घातकच, कारण त्याच्या यकृतात चरबी साचून जीवावर बेतते.

या साऱ्या खटाटोपाचे फळ मात्र मोठे आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६३ मधुमेही मांजरांचे दोन गट केले होते. चार महिन्यांनी कमी कर्बोदकांच्या गटातील ६८ टक्के मांजरांना इन्शुलिनची गरज उरली नाही. मध्यम कर्बोदके आणि भरपूर चोथा असलेल्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. २००९ सालच्या दुसऱ्या अभ्यासात ५५ मांजरांची साखर मालकांनी घरीच मोजली आणि त्यानुसार इन्शुलिनची मात्रा जुळवली. रोगनिदानानंतर सहा महिन्यांच्या आत हे उपचार सुरू झालेल्यांपैकी ८४ टक्के मांजरांचे इन्शुलिन सुटले, तर उशिरा सुरू झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांचेच. थकलेल्या पेशींना वेळीच विसावा मिळाला तर त्या सावरतात, उशीर झाला तर मरून जातात. इन्शुलिन सुटलेल्या काही मांजरांत रोग पुन्हा डोके वर काढतो, म्हणून मोजणे चालूच ठेवतात.

एक गणित तुमच्यासाठी. मांजराच्या खाद्याच्या पाकिटावर कर्बोदकांचा आकडा सहसा छापलेला नसतो, पण तो काढता येतो. समजा, १०० ग्रॅम कोरड्या खाद्यात प्रथिने ३२, स्निग्ध पदार्थ १२, चोथा ४, पाणी १० आणि राख ८ ग्रॅम आहे. यांची बेरीज ६६, म्हणून कर्बोदके ३४ ग्रॅम. पशुखाद्यासाठी प्रथिने आणि कर्बोदके यांचे ग्रॅमला ३.५ आणि स्निग्धांचे ८.५ उष्मांक धरतात. त्यावरून कर्बोदकांचे ११९ उष्मांक येतात आणि एकूण ३३३, म्हणजे सुमारे ३६ टक्के. आता डब्यातील ओले खाद्य घ्या: प्रथिने ११, स्निग्ध ५, चोथा ०.५, पाणी ८०, राख २. त्यातील टक्केवारी काढा आणि उंदराच्या २ टक्क्यांच्या जवळ कोणते खाद्य येते ते पाहा.