पाच हजारांचा विमा

परवा रात्री जेवणे आटोपल्यावर आमची सौभाग्यवती अण्णासाहेब कर्व्यांविषयीचे एक पुस्तक वाचीत बसली होती. मध्येच ते मिटून तिने विचारले, "अहो, हे बरे केले की वाईट?"

प्रश्न विम्याचा होता. १८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि आपल्या आयुर्विम्याची पाच हजारांची पॉलिसीही त्या आश्रमाच्या नावे करून टाकली. घरात पोरेबाळे. शिवाय बाया, म्हणजे आनंदीबाई, पुनर्विवाहापूर्वी वैधव्य भोगलेल्या. नवऱ्यामागे बाईचे काय होते, हे त्यांना कुणी व्याख्यान देऊन सांगायला नको होते. त्या संतापल्या.

अण्णा १०४ वर्षे जगले, बाया त्यांच्या आधीच गेल्या. तेव्हा त्या विम्याचा त्यांना उपयोग झालाच नसता, असा हिशेब मांडणारे भेटतात. पण सही करताना हे कुणाला ठाऊक होते?

अण्णांच्या आयुष्यात अशी गुंतागुंत पावलोपावली आहे. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केले. मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ म्हाताऱ्या आईलाही लागली. तिने कुणाशी लग्न केले होते? पुढे याच माणसाने आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होऊ दिला नाही. तो कराल तर मुली पाठवणारच कोण? धोरण शहाणपणाचे, पण कार्यकर्त्याच्या मनाला खुपावे असेच. त्याच धोरणामुळे कित्येक सनातनी घरांचे दरवाजे उघडले आणि मुली शिकल्या.

वर्गात मी कर्वे शिकवतो तेव्हा १९१६ चे महिला विद्यापीठ येते, १९५८ चे 'भारतरत्न' येते. बायांचा संताप मात्र तासाच्या घंटेखाली राहून जातो. खरे सांगायचे तर मला तो संताप आता अधिकच पटू लागला आहे. आणि तरीही आश्रम नसता तर बरे झाले असते, असे म्हणायला जीभ रेटत नाही.

"बोला की!" सौभाग्यवती म्हणाली.

गावच्या पडक्या वाचनालयासाठी मुलीच्या नावची मुदतठेव मोडायचे मी महिन्यापूर्वी, तिला न विचारता, कबूल करून बसलो आहे. बँकेचा अर्ज कपाटाच्या खणात आहे. तिने तो पाहिला असावा.

"उद्या बोलू," मी म्हणालो.

तिने दिवा घालवला नाही.